आजोबांना भाऊ नाही

त्या वर्तमानपत्राच्या कचेरीत मुद्रितं तपासायची खोली जिन्याखाली होती. छत तिरकं. आत शिरताना मान उजवीकडे कलती करावी लागे, आणि सतरा वर्षं तिथे बसून वेलांटीची मान घरच्या दारातसुद्धा आपोआप कलायची. वेलांटी हे तिचं नाव नव्हे, बातमीदारांनी पाडलेलं. ऱ्हस्व-दीर्घाच्या बाबतीत ती कुणाची गय करत नसे, म्हणून. खोलीला एक खिडकी होती, पण ती बाहेर नाही, वऱ्हांड्यात उघडायची. येता-जाता लोक आत डोकावतात म्हणून कुणीतरी कधीकाळी तिच्या काचांना पांढरा रंग फासून टाकला होता. त्यामुळे आत बसणाऱ्याला माणसं दिसत नसत, फक्त सावल्या सरकताना दिसत.

शनिवारच्या पुरवणीत 'आजोबांचा चष्मा' नावाचं सदर येई. बाजारात आलेल्या नव्या सुपरहिरो कॉमिक्सचं परीक्षण. गोष्ट कशी लिहिलीय, चित्रं कशी काढलीत, आणि शेवटी पाचपैकी किती चष्मे. वर एका टकल्या, मिशाळ म्हाताऱ्याचं रेखाचित्र. हे आजोबा म्हणजे मुळात चित्रकलेचे एक निवृत्त मास्तर होते. त्यांचं अक्षर म्हणजे मुंग्यांची मिरवणूक, आणि ते अख्ख्या इमारतीत एकट्या वेलांटीला लागायचं. एके दिवशी मास्तर झोपेतच गेले. दुपारी पुरवणीच्या संपादकांनी तिला वर बोलावलं.

"त्यांचं लिखाण तुमच्याइतकं कुणीच वाचलेलं नाही. दोन आठवडे रेटा. तोवर बघतो मी कुणीतरी."

"पण साहेब, वाचकांना कळवायला नको का, मास्तर गेले म्हणून?"

"मास्तर गेले. आजोबा कसे जातील?" संपादक म्हणाले. "आणि हे तुमच्या-माझ्यात. घरीसुद्धा नाही सांगायचं."

त्या दोन आठवड्यांची अकरा वर्षं झाली.

पहिला लेख लिहायला बसली तेव्हाच तिच्या लक्षात आलं की अडचण कॉमिकची नाही, क्रियापदाची आहे. 'मी अंक वाचला', 'मला चित्रं आवडली' इथवर ठीक. त्यात बाई की पुरुष ते कळत नाही. पहिला महिना तिने असल्याच वाक्यांवर काढला. पण माणूस कधीतरी हसतो, दचकतो, कंटाळतो. तिने लिहिलं, 'सातव्या पानावर मी थबकले', आणि मग स्वतःच लाल पेनाने त्याचं 'थबकलो' केलं. पुढे पुढे लाल पेन लागेनासं झालं. एकदा घरी ती बोलून गेली, "अरेच्चा, दूध आणायचं विसरलो!" आईने वळून बघितलं. "विसरलो? कोण विसरलो?" "आपण दोघी," वेलांटी म्हणाली, आणि पाठ फिरवून भांडी लावायला लागली.

काम मात्र तिला मनापासून आवडायचं, खोटं कशाला बोला. ती प्रत्येक अंक तीनदा वाचायची. आधी फुग्यांमधले शब्द सोडून नुसती चित्रं. मग नुसते शब्द. मग दोन्ही एकत्र. तिच्या आजोबांना दोन गोष्टी खपत नसत. एक म्हणजे चित्रात दिसतंय तेच फुग्यात पुन्हा सांगणं. 'हिरो भिंत फोडतोय आणि वर ओरडतोय, मी ही भिंत फोडतोय! मग आम्ही डोळे काय खिशात ठेवलेत?' दुसरी म्हणजे खांद्यावरची केप. तिला ते 'पाठीवरचा टॉवेल' म्हणत. मुलं पत्रं पाठवायची. एकदा विनोद म्हणून तिने लिहिलं होतं की अमुक अंक उंच फळीवरून काढताना माझा गुडघा कळवळला. झालं. 'आजोबा, गुडघा कसा आहे?' अशी पत्रं वर्षानुवर्षं येत राहिली, आणि तिच्या धडधाकट गुडघ्याला अकरा वर्षं दुखत राहावं लागलं.

पत्रांचा गठ्ठा ती कचेरीतच कपाटात ठेवायची. घरी नेणार तरी कशी?

घरी आई आणि धाकटा. धाकटा तिच्याहून बारा वर्षांनी लहान. दुकानांच्या पाट्या रंगवायचा आणि उरलेल्या वेळात, घरातल्या एकुलत्या एक टेबलावर, दीड वर्षं एक कॉमिक काढत होता. गोष्ट त्याची, चित्रं त्याची, शाईसुद्धा तोच फिरवायचा. जेवायच्या वेळी टेबल मिळत नसे म्हणून आई आणि ती मांडीवर ताट घेऊन जेवायच्या.

"ताई, बघ ना जरा. हे पान जमलंय का?" तो सुरुवातीला विचारायचा.

"छापून येऊ दे, मग बघते."

तिला बघायचं नव्हतं असं नाही. टेबलाजवळून जाताना ती मान वळवायची ती अक्षरशः जोर लावून. पण अंक उद्या कचेरीत येणार आणि आपल्याच हातात पडणार, हे तिला ठाऊक होतं. आधी पेन्सिलीतलं पान बघून 'छान' म्हणायचं आणि मग आजोबा होऊन तेच पान तोलायचं, हे तिच्याने होणारं नव्हतं. तीन-चारदा विचारून धाकट्याने विचारणं सोडून दिलं. आई म्हणाली, "भावाचं कौतुक म्हणून नाही तुला. पेपरातल्या चुका शोधून शोधून जीव सुकलाय तुझा."

एका मंगळवारी वरून पाकीट आलं. आत 'भारवाह', अंक पहिला. कव्हरवर भावाचं नाव.

ती तशीच वर गेली. "साहेब, हा अंक दुसऱ्या कुणाला तरी द्या."

"का? नवं प्रकाशन आहे, चित्रकार आपल्याच गावचा. लिहायलाच हवं."

"तो माझा भाऊ आहे."

संपादकांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. "तुमचा असेल. आजोबांना भाऊ नाही." मग जरा नरमाईने म्हणाले, "अहो, उलट बरंय. कुणाला माहीतच नाही, तर पक्षपाताची शंका येणार कुणाला? जे वाटेल ते लिहा. शुक्रवारी दुपारपर्यंत."

ती खाली आली, मान कलती करून आत शिरली आणि दार लोटून वाचायला बसली.

भारवाह हा मालगोदामातला हमाल. ज्या वस्तूला हात लावेल तिचं वजन त्याच्या अंगात शिरतं. ट्रक पिसासारखा हलका होतो आणि हा ट्रकाएवढा जड, पायाखालची फरशी तडकते. सहाव्या पानावर तो एका रडणाऱ्या बाईच्या खांद्यावर हात ठेवतो, दुःखाला वजन असतं का बघायला, आणि पुढची दोन पानं त्याला जमिनीवरून उठता येत नाही. त्या दोन पानांवर एकही शब्द नव्हता. हे त्या मुलाने कुठून आणलं?

पण चौदाव्या पानापासून धूर सुरू झाला. रस्त्यात धूर, गच्चीवर धूर, गोदामात धूर. माणसं गुडघ्यापर्यंत धुरात. तिला हसू आलं. शाळेत असताना धाकटा सगळी माणसं उंच गवतात उभी करायचा. त्याला पाय काढता यायचे नाहीत.

आता हा धूर कुणाला दिसला? आजोबांना की ताईला? गवत माहीत नसतं तर आपल्या लक्षात आलं असतं का? तिने अंक मिटला, वऱ्हांड्यात एक फेरी मारली, परत येऊन पहिल्या पानापासून नुसती चित्रं बघत गेली. अनोळखी माणसाचं कॉमिक असल्यासारखी. धूर तिथेच होता. तो कुणालाही दिसला असता. दुसऱ्या कुणाच्या अंकात असता तर तिने लिहिलाच असता.

तिने लिहिलं. सहाव्या, सातव्या, आठव्या पानाबद्दल असं लिहिलं की तसं अकरा वर्षांत कुणाबद्दल लिहिलं नव्हतं. आणि मग: 'चौदाव्या पानानंतर या शहरात एवढा धूर का, याचा मी बराच विचार केला. आग तर कुठेच लागलेली नाही. मग उमगलं. चित्रकाराला पाय काढता येत नाहीत. भारवाह सगळ्यांचं ओझं उचलतो हे खरं, पण तो उभा कशावर आहे?' चष्मे अडीच.

शनिवारी सकाळी धाकट्याने पुरवणी टेबलावर पसरली आणि मोठ्याने वाचायला लागला. पहिल्या भागात त्याचा आवाज चढत गेला, आईने गॅस बारीक करून हात पुसले. मग धूर आला. तो वाचत राहिला, पण आवाज हळूहळू बसत गेला. शेवटचं वाक्य त्याने दोनदा वाचलं.

"मेल्याला पोरंबाळं नसतील," आई म्हणाली. "म्हणून असं लिहवतं."

"ताई, तुमच्याच इमारतीत बसतो ना हा थेरडा? कसा आहे गं दिसायला?"

वेलांटीच्या हातात चहाचा कप होता. "मी कधी पाहिलं नाही," ती म्हणाली. "पोस्टाने लेख येतो."

"आणि तू तपासतेस?"

"ऱ्हस्व-दीर्घ तपासते."

"म्हणजे हे तू वाचलं होतंस. शुक्रवारीच. आणि मला बोलली नाहीस."

खरं उत्तर देता येत नव्हतं आणि खोटं सुचेना. ती उठून कप विसळायला गेली. मागून आईचा आवाज आला, "जाऊ दे रे. ती अशीच आहे."

तीन आठवडे धाकट्याने पेन्सिल हातात धरली नाही. टेबल रिकामं झालं, तिघं टेबलावर जेवायला लागली. वेलांटीला वाटे, सांगून टाकावं. पण सांगायचं काय? की तुला टाकून बोलणारा थेरडा मीच? मग तिला वाटे, निदान कधीतरी त्याच्या बाजूने बोलावं, 'आजोबांना काय कळतंय' म्हणावं. तेही जमेना, कारण आजोबांचं बरोबर होतं.

चौथ्या आठवड्यात एका दुपारी धाकटा स्टूल घेऊन तिच्यासमोर आला. "ताई, जरा यावर उभी राहा. अनवाणी."

"कशाला?"

"पाय काढायचेत. त्याला दाखवतोच."

ती उभी राहिली. स्टूल एवढंसं, जेमतेम दोन पावलं मावतील असं. तो जमिनीवर पालथा पडून काढायला लागला. समोर कपाटाच्या माथ्यावर साचलेली धूळ तिला पहिल्यांदाच दिसली. त्या दिवसापासून तिला सुट्टी असली की दुपारी हेच. टाचेवरून, बोटांकडून, एक पाय उचललेला.

"पायाला मुंग्या आल्या रे."

"पाचच मिनिटं. हलू नकोस. अंगठा काय वाकडा करतेस?"

"वाकडाच आहे तो. जन्मापासून."

"मग राहू दे. वाकडा चांगला दिसतो." पेन्सिल खरखरत होती. "थेरड्याला म्हणावं, बघ आता, कशावर उभा आहे ते."

खाली उतरावं असं तिला फार वाटायचं. पण मध्येच उतरलं तर चित्र बिघडणार, म्हणून ती भिंतीला बोटं टेकून उभी राहायची.

पाच महिन्यांनी दुसरा अंक आला. ती यावेळी वर गेली नाही. भारवाहसमोर आता एक खलनायक होता. उणेकर नावाचा म्हातारा. टक्कल, मिशा, चष्मा. त्याला प्रत्येक गोष्टीतलं उणं दिसतं, आणि ते त्याने नुसतं मोठ्याने म्हटलं की ती गोष्ट कोसळते. पुलाकडे बोट दाखवतो, म्हणतो, 'तिसरा बोल्ट ढिला आहे', आणि पूल गाड्यांसकट खाली येतो. पोराने आजोबांना खलनायक केलं होतं! ती एकटीच खळखळून हसली. वऱ्हांड्यातली एक सावली थांबली आणि पुढे गेली.

मग तिने शब्द सोडून नुसती चित्रं बघायला घेतली, आणि हसू विरलं. मिशा आणि टक्कल आजोबांचं होतं, पण चेहरा त्यांचा नव्हता. तो वडिलांचा होता. वडील कापडगिरणीत तपासनीस होते. ताग्यातला दोष शोधायला कापड उजेडासमोर धरायचे आणि एक डोळा बारीक करायचे. घरी मुलांच्या वह्याही तशाच धरायचे. धाकटा त्यांना टरकून असायचा. ती मात्र त्यांच्या शेजारी उभी राहून, त्यांच्याआधी दोष दाखवून शाबासकी मिळवायची. उणेकर पूल बघताना डोळा तसाच बारीक करत होता. आणि बाविसाव्या पानावर अर्धं पान भरून त्याची पावलं होती, कोसळलेल्या पुलाच्या काठावर घट्ट रोवलेली, सपातांतून बाहेर आलेला वाकडा अंगठा. तो तिचा अंगठा होता.

कितीतरी वेळ ती त्या पावलांकडे बघत बसली.

अंक चांगला होता. ही माया नाही ना, म्हणून तिने तो तीनऐवजी सहा वेळा वाचला. मधल्या भागात भारवाह जरा जास्तच भाषण करतो, तेही तिने लिहिलं. बाकी जे होतं ते लिहिलं. 'माझी टर उडवली आहे हे मला कळलं. उडवणाऱ्याचा हात आता पक्का झाला आहे. बाविसाव्या पानावरची पावलं बघून मी उभाच राहिलो.' चष्मे साडेचार.

शनिवारी धाकट्याने तिला गदागदा हलवलं. "ताई! म्हाताऱ्याने नाक मुठीत धरलं!" आईने शेजारच्या तिन्ही घरांत पुरवणी फिरवून आणली. आल्यावर म्हणाली, "मी म्हटलंच होतं, मनाने वाईट नसणार तो."

धाकटा कात्रण कापत होता, जीभ बाहेर काढून, अगदी कडेकडेने. वेलांटीला वाटलं, आता. आता सांगता येईल. आता रागवायला कारण नाही. तिने खुर्ची ओढली.

"अरे, ऐक. ते आजोबा..."

"काय माहितीये ताई," तो कात्री न थांबवता म्हणाला, "आई चांगलं म्हणते, मित्र म्हणतात. ते म्हणणारच. आपली माणसं. पण हा माणूस मला ओळखत नाही. मी मेलो काय, जगलो काय, त्याला फरक नाही. आधी त्याने मला फाडून खाल्लं. म्हणून त्याचं 'चांगलं' खरं." त्याने वर बघितलं. "काय म्हणत होतीस?"

"काही नाही. म्हणजे... आजोबा सहसा साडेचार देत नाहीत, एवढंच."

कात्रण टेबलासमोरच्या भिंतीवर लागलं. काच लावून.

आता सुटका दोन्हीकडून बंद झाली. वाईट लिहिलं तेव्हा सांगितलं असतं तर त्याची बहीण गेली असती. चांगलं लिहिल्यावर सांगितलं तर ते 'चांगलं'ही हातचं गेलं असतं. आणि तिसरा अंक येणारच होता, मग चौथा. दर खेपेला भावाचं पान तोलायचं आणि शनिवारी सकाळी त्याच्या तोंडून आपलंच लिखाण ऐकायचं. ती कानकोंडी होऊन गेली. घरात बोलताना आता ती क्रियापदापाशी अडखळायची, बोलायच्या आधी वाक्य मनात एकदा तपासून घ्यायची.

महिन्याभराने ती वर गेली आणि म्हणाली, "साहेब, आजोबा दुसऱ्या कुणाला तरी द्या."

संपादकांनी यावेळी कारण विचारलं नाही. बहुधा त्यांनीही दोन्ही अंक बघितले होते. "अकरा वर्षं लिहिलंत," ते म्हणाले. "निदान निरोपाचं काही..."

"आजोबा कसे जातील?" ती म्हणाली. दोघंही हसले, आणि संपादकांनी मान खाली घालून समोरचा कागद उगाच सरळ केला.

सदर खेळाच्या पानावरच्या एका उपसंपादकाला गेलं. गुडघ्याबद्दल त्याला सगळं समजावून सांगण्यात आलं. वेलांटीला वाटलं होतं, मोकळं वाटेल. पण तिचं टेबल तेच, तिरकं छत तेच, आणि दर शुक्रवारी नव्या आजोबांची मुद्रितं तपासायला तिच्याकडेच येत. तिने त्यांचे ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केले. बाकी शब्दाला हात लावला नाही.

'भारवाह'चा तिसरा अंक आला. यावेळी तिने तो दुकानात जाऊन घेतला आणि बागेतल्या बाकावर बसून वाचला. नव्या आजोबांनी पाच चष्मे दिले. 'पहिल्या पानापासूनच गोलांचा वर्षाव!'

शनिवारी धाकट्याने पुरवणी मोठ्याने वाचली नाही. मनात वाचली, घडी घातली आणि बाजूला सारली.

"काय रे? पाचच्या पाच दिलेत की," आई म्हणाली.

"हा तो म्हातारा नाही. ह्याने वाचलंच नाहीये."

"असं कसं?"

"नववं पान बघितलं असतं तर बोलला असता. आधीचा म्हातारा बोललाच असता."

"सावली?" वेलांटीच्या तोंडून निसटलं.

धाकट्याने सावकाश मान वर केली. "काय म्हणालीस?"

आता माघार नव्हती. "दिवा डावीकडे आहे. तिघांच्या सावल्या उजवीकडे पडतात आणि भारवाहची एकट्याची डावीकडे."

"शाई फिरवून झाल्यावर दिसलं मला. तोवर पानं छापायला गेली होती." तो तिच्याकडे बघतच राहिला. "तुला कसं दिसलं?"

"मुद्रितं तपासते ना मी. सवय असते डोळ्याला."

तो जुळवतोय, आता जुळणार, असं तिला वाटलं, आणि क्षणभर जुळावं असंही वाटलं. पण त्याने नुसती खुर्ची सरकवून तिला जागा केली आणि चौथ्या अंकाची पेन्सिलीतली पानं समोर ठेवली. "तुला एवढा डोळा आहे आणि इतकी वर्षं एक अक्षर बोलली नाहीस? बस इथे."

ती बसली. त्या दिवसापासून दर रविवारी दुपारी ती त्या टेबलाशी बसते, भिंतीवरच्या काचेतल्या कात्रणाकडे पाठ करून. आधी नुसती चित्रं बघते, मग शब्द. जे वाटेल ते सांगते. 'मी थबकले' म्हणते, 'मी हसले' म्हणते, आणि ते म्हणताना आता अडखळत नाही. धाकटा ऐकतो, पण निमूटपणे नाही. बहिणीचं कोण निमूटपणे ऐकतं!

परवा तिने त्याला एक अख्खं पान काढून टाकायला सांगितलं. भाषण फार झालंय, म्हणाली. तो उसळला.

"तुला नाही कळायचं ते. आजोबांना आवडलं असतं हे पान!"

वेलांटीने ते पान पुन्हा एकदा वाचलं. मग म्हणाली, "असेल. तरी काढ."

त्याने कुरकुरत पान बाजूला ठेवलं, आणि पुढचं तिच्यासमोर सरकवलं.